अक्कांनी लावलेली नोकरी

अख्ख्या बेंगळूरात आमच्या घरमालकीण अक्कांएवढं बिनधास्त खोटं बोलणारं माणूस सापडणार नाही, आणि अख्ख्या बेंगळूरात त्यांच्याएवढं भलं माणूसही सापडणार नाही. आता ह्या दोन्ही गोष्टी एकाच बाईत कशा मावल्या ते मला विचारू नका, मी सातवीपर्यंतच शिकले. पण एक सांगते, स्वतःबद्दल अक्का एक अक्षर खोटं बोलणार नाहीत. त्यांचं सगळं खोटं दुसऱ्याच्या कौतुकाचं. आमचे हे ऑफिसची कॅब चालवतात, तर अक्कांनी गल्लीभर सांगून टाकलं की ह्यांना मिक्सर दुरुस्त करता येतो. दुसऱ्या दिवशी दारात मिक्सरची रांग. हे घाबरले, मग एक उघडून बघितला, दुसरा उघडून बघितला, आणि खरंच शिकले की! गच्चीवरच्या खोलीत पुण्याचा एक कंप्युटरवाला राहतो, मान वर करून बोलत नाही. तो पुण्याचा आहे एवढ्यावर अक्कांनी मराठी मंडळात त्याला ढोलवाला करून टाकला. त्याने ढोल फक्त लांबून बघितलेला. बिचारा गच्चीवर पाण्याच्या पिंपावर बडवून बडवून शिकला, आता गणपतीत सगळ्यात पुढे तोच असतो, आणि मानही वर आली त्याची.

आमचं घर म्हणजे सर्जापूर रोडच्या मागे जुन्या गावठाणात अक्कांचं वठार. वठार म्हणजे इथली चाळच म्हणा, बैठी, मधे अंगण, अंगणात नळ. अक्कांच्या घराण्याच्या किती पिढ्या इथेच गेल्या कुणास ठाऊक, त्यांची मराठी म्हणजे निम्मी कन्नड, अधेमधे तमिळसुद्धा शिरते, आणि एका वाक्यात तिन्ही येऊन गेल्या तरी त्यांना पत्ता नसतो. भाडेकरूंना हाका मारत नाहीत त्या, पळीने पाइपावर ठोकतात. एक ठोका म्हणजे पाणी आलं, दोन म्हणजे भांडण मिटवायला या, आणि न थांबता ठोकलं तर समजायचं आज बिसीबेळे भात जास्त झालाय, भांडी घेऊन या. लिफ्टमधे बसत नाहीत. "त्या डब्यात कोण जाणार गे, वर गेला तर गेला, खाली आणील म्हणून कुणी सांगितलं?"

माझी नोकरी गेली त्या दिवशी त्यांनी पाइप ठोकला नाही, स्वतः आल्या. मी व्हाइटफील्डला एका मोठ्या ऑफिसच्या पाळणाघरात आया होते. तिथल्या मॅडम लोकांची बाळं सांभाळायची, आणि माझी पोरगी पण तिथेच खेळायची, म्हणून तर जमत होतं सगळं. मग लोकं घरूनच काम करू लागले, बाळं यायची बंद झाली, आणि एक दिवस सुपरवायझर म्हणाला, "कल से आने की ज़रूरत नहीं," आणि गळ्यातलं कार्ड काढून घेतलं. एवढंच. मी पोरीला कडेवर घेऊन घरी आले आणि नळापाशी बसून रडले, म्हणजे नळ सोडून रडले, आवाज जाऊ नये म्हणून. अक्का आल्या, आधी नळ बंद केला.

"पाणी वाया कशाला घालवतीस? रडायचं तर तसंच रड. स्वल्प पाणी पी आधी. मग रड."

"अक्का, आता हे मला लातूरला पाठवतील."

हेच होतं माझ्या पोटात. ह्यांनी आधीच सांगून ठेवलेलं, एकाच्या कमाईत इथे भागायचं नाही, तुझी नोकरी सुटली तर तू आणि पोरगी गावाकडे आईजवळ राहा, मी इथे एकटा कसं तरी काढतो. हे वाईट नाहीत हो, पण आमच्या गल्लीत अशा किती जणी "थोडे दिवस" म्हणून गावाला गेल्या आणि परत आल्याच नाहीत. पोरगी बापाला फोनमधे बघून मोठी होणार. संध्याकाळी ह्यांनी माळ्यावरची बॅग काढून ठेवली आणि महिनाअखेरची गाडी बघतो म्हणाले. मी त्या बॅगेकडे बघून झोपलेच नाही.

अक्का नळापाशी फक्त म्हणाल्या होत्या, "सरी. बघू," सरी म्हणजे कन्नडमधे बरं, आणि दुसऱ्या दिवशी मला भाजीच्या गाडीवर घेऊन गेल्या.

तिथे समोरच्या उंच टॉवरमधल्या एक आजी भेटल्या, नागपूरच्या, लेकीच्या बाळंतपणाला आलेल्या. भाजीवाल्याला मराठी कळत नव्हती तरी त्यालाच सांगत होत्या, "काय बाई हे शहर, सगळं ॲपवर मिळून राहिलं, पण बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालणारी एक बाई नाही मिळून राहिली! माझे हात आता थरथरतात, लेक घाबरते, आणि जावई इंटरनेटवर बघून राहिले."

मला पुढचं दिसलं. मी अक्कांचा पदर ओढला. उशीर झाला.

"हीच की ती!" अक्कांनी मला कोथिंबिरीसकट पुढे ढकललं. "पिढीजात आहे हिच्यात. हिच्या आजीनं अख्ख्या तालुक्याची बाळं न्हाऊ घातली. सोमवारी येते."

खरं काय होतं ते ऐका. माझ्या पोरीला माझ्या आईने न्हाऊ घातलेलं, मी नुसती खाटेवरून बघितलेलं. पाळणाघरात तर ओल्या कागदाने पुसायची रीत. मी घरी येऊन अक्कांच्या पाया पडले, म्हटलं नाही म्हणून सांगा, माझ्या हातून बाळ सटकलं तर? अक्कांनी घरातून एक गोल कोहळा आणला, इथे दृष्ट लागू नये म्हणून दारावर टांगतात ना तसा, त्याला खोबरेल तेल चोपडलं आणि माझ्या मांडीवर दिला.

"हं. घाल आंघोळ."

मग काय सांगू! मी अंगणात पाटावर पाय पसरून बसलेली, पायावर कोहळा, समोर फोनमधे माझी आई लातूरवरून ओरडतीय, "अगं मान धर, मान!" आणि वठारातल्या सगळ्या बाया पदर तोंडाला लावून हसतायत. पहिला कोहळा सटकला आणि फुटला. मला रडूच आलं. अक्का म्हणाल्या, "फुटला तर कोहळा फुटला. आज त्याचं सांबार, उद्या दुसरा." आठवडाभर आम्ही सगळ्यांनी सांबारच खाल्लं. हे जेवताना म्हणायचे, "आजही हातातून गेला वाटतं." पण शनिवारी सांबार झालं नाही. शनिवारी आणि रविवारी मी शेजारणीच्या खऱ्या बाळाला आंघोळ घातली, आई फोनवर, अक्का उशाशी, आणि बाळ हसलं.

सोमवारी आम्ही टॉवरवर गेलो. गेटवर फोटो काढतात, कुणाकडे, कशाला, सगळं विचारतात. अक्का म्हणाल्या, "ही मास्तरीण, मी तिची हेड." त्या जिन्याने निघाल्या म्हणून मी पण जिन्याने, घर कितव्या मजल्यावर होतं ते विचारू नका, वर पोचेपर्यंत माझी भीतीच दमली. न्हाणीघर काचेचं, बसायला जागा नाही. अक्कांनी काच उघडी टाकली, जावयांना लॅपटॉपसकट दुसऱ्या खोलीत घालवलं, पाट मांडला. आधी बाळ असं किंचाळलं की मला तो फुटलेला कोहळा आठवला. मग मी आईसारखंच बोलत सुटले, काहीबाही, कुठून आला, कुणाचा रे तू, पाय बघ केवढुसे, आणि तेल चोळत गेले, पाठ, खांदे, तळवे. ऊन ऊन पाणी पाठीवर पडलं आणि बाळ एकदम गप्प. डोळे मोठे करून बघू लागलं. नागपूरच्या आजींनी कडाकडा बोटं मोडली.

तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण अक्कांनी पिशवीतून धुपाटणं काढलं. करवंटीचे निखारे गॅसवर फुलवले, वर ओवा, वेखंड, लसणाची सालं. "धुरीशिवाय न्हाणं म्हणजे काय, मिठाशिवाय सांबार!" आजी पण खूश. मी बाळाला गच्च गुंडाळून खांद्यावर घेतलं, खोलीभर धूर झाला, गावचा वास आला, आणि छतावरचं ते पांढरं वाटीसारखं यंत्र लाल झालं.

भोंगा! असा भोंगा मी जन्मात ऐकला नव्हता. मग इंग्रजीत कुणीतरी बाई बोलू लागली, सगळ्यांनी जिन्याने खाली उतरा. अख्खा टॉवर उतरला हो! लॅपटॉप पोटाशी धरलेले, एक साहेब अर्धी दाढी केलेले, एक स्वयंपाकीण हातात झाऱ्या घेऊन. फक्त अक्का ऐटीत उतरत होत्या, "मी म्हणत होते ना, डबा कामाचा नाही."

खाली बागेत सिक्युरिटीचा मोठा साहेब लालबुंद होऊन ओरडला, "किसने किया ये?" माझ्या डोळ्यापुढे ती बॅग आली. सगळी गर्दी आमच्याकडे बघतेय, अक्कांच्या हातात धुपाटणं तसंच धुमसतंय, खोटं बोलायलाही जागा नाही. तो तावातावाने माझ्यासमोर आला. आणि नागपूरच्या आजी मधे उभ्या राहिल्या.

"हळू बोला हो! जन्मल्यापासून पहिल्यांदा नीट झोपून राहिला माझा नातू. उठवला तर तुम्हीच झोपवा."

तेव्हा सगळ्यांनी बघितलं. माझ्या खांद्यावर बाळ झोपलेलं. भोंगा चालू, माणसं ओरडतायत, आणि ते तोंड उघडं टाकून गाढ. साहेबाने वाकून बघितलं, आणि मग तो कुजबुजत रागावू लागला. खरंच सांगते, हात नाचवत, डोळे वटारत, पण आवाज नाही! बघता बघता माझ्याभोवती सगळ्या आज्या जमल्या. बंगाली, तमिळ, ओडिया. पोटुशी एक मॅडम आली, तिने विचारलं, "हमारे यहाँ भी आओगी?"

अक्का तोंड उघडणार, तेवढ्यात मीच बोलले. "आऊँगी. लेकिन सुबह. और धुआँ नहीं करूँगी." माझाच आवाज मला नवीन वाटला. अक्का म्हणाल्या, "सरी. मग मी जाते घरी. हेडचं काम संपलं."

दुसऱ्या दिवशी टॉवरच्या मॅनेजरने बोलावलं, अक्कांनी माफी मागितली आणि त्यालाच विचारलं, तुझं लग्न झालंय का. बाळाच्या डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं, बाळाला धूर चांगला नाही, तर आता धुरी बंदच. पण न्हाणं चालू आहे. त्या टॉवरमधे, पलीकडच्यात, त्याच्या पलीकडच्यात. सकाळी एकटीला पुरवत नाही म्हणून मी पाळणाघरातल्या दोघी जुन्या मैत्रिणींना शिकवलं, त्याही माझ्यासारख्याच घरी बसल्या होत्या. महिनाअखेर आली आणि ह्यांनी ती बॅग उचलली. मी पोरीला जवळ ओढलं. तर ती माळ्यावर ठेवून स्टुलावरून खाली उतरले आणि मान फिरवून म्हणाले, "पोरीचं इथल्याच बालवाडीत नाव घालू." मी चुलीपुढे, म्हणजे गॅसपुढे, उभी राहून हसले, रडले, दूध उतू गेलं.

अक्कांचे गुडघे आता कुरकुरतात. रविवारी दुपारी मी त्यांच्या पायांना तेल लावते. आधी लावूच देत नव्हत्या, "मी काय बाळ आहे गे?" पण त्यांचे पाय बघाल तर एवढेसे, लहान मुलासारखे. लेक परदेशात, फोन करतो, वठार विकून माझ्याकडे ये म्हणतो. त्या त्याला सरी सरी म्हणतात आणि फोन ठेवून देतात. परवा मी तळवे चोळत होते, त्या कुणाची तरी गोष्ट सांगत होत्या, आणि गोष्ट अर्धीच राहिली. बघितलं तर झोपलेल्या. बोलायचं कधी न थांबणारी बाई. अंगणात माझी पोरगी मुलांशी भांडत होती, फाडफाड कन्नडमधे, मला अर्धं कळलं नाही. तिला हळू बोल म्हणून सांगायला उठावं वाटलं, पण अक्कांचा पाय माझ्या मांडीवर होता. मी तशीच बसून राहिले, तेलाचे हात अधांतरी धरून.