अर्ध्या तासानं करा

वडील नगरच्या एका दवाखान्यात आयसीयूत होते, तेव्हा आठ दिवस मी टेलिफोन ऑपरेटरच्या खिडकीसमोरच्या बाकड्यावर बसून काढले. माणूस पन्नाशीचा, आवाज इस्त्री केल्यासारखा सपाट. प्रत्येक फोननंतर रिसीव्हर रुमालानं पुसायचा, जणू गावोगावच्या नातेवाइकांना सर्दीच झालीय. कोणी रडो, कोणी भांडो, हा म्हणायचा, "थांबा, जोडतो."

एखाद्यालाच मात्र वेगळं सांगायचा. "लाइन बिझी हाय. जेवलात का? न्हाई? मग जेवून घ्या, अर्ध्या तासानं करा."

लाइन तर मोकळी असायची. शेवटी मी विचारलंच.

"त्यांचं मानूस गेलंय," तो रिसीव्हर पुसत म्हणाला. "एकदा डॉक्टरांनी सांगितलं की घरात चूल पेटत न्हाई. मग लोक उपाशी येत्यात अन् हितं चक्कर येऊन पडत्यात. स्ट्रेचर मलाच मागवावं लागतं."

नवव्या दिवशी कपडे आणायला मी पारनेरला घरी आलो. आंघोळ उरकून दवाखान्यात फोन लावला, वडिलांचं नाव सांगितलं.

"लाइन बिझी हाय," तोच सपाट आवाज. "जेवलात का?"

मी फोन ठेवला. बायकोला म्हटलं, "दोन ताटं वाढ. तूही माझ्याबरोबरच बस."