परबकाकूंची बाव

परबकाकू तळमजल्यावर राहत असल्या तरी त्यांचं राज्य गच्चीपर्यंत होतं. बोरीवलीच्या आमच्या सोसायटीत वरची टाकी भरून पाणी वाहायला लागलं की खालून त्यांचा खणखणीत मालवणी आवाज यायचा, "टाकी भरान व्हावता. मोटर बंद करूक हयसर कोणाक हात नाय काय?" सेक्रेटरी देसाई तोंडातल्या ब्रशसकट जिना उतरायचे.

गिरणी बंद पडल्यावर परबकाका-काकू इथे राहायला आले. काका लवकरच गेले. इमारतीमागे पूर्वीच्या वाडीतली एक विहीर उरली होती. आम्हाला ती फक्त मुलांना जिथे जाऊ द्यायचं नाही अशी जागा म्हणून ठाऊक. काकू मात्र तिला कुडाळच्या माणसासारखं 'बाव' म्हणायच्या. रोज सकाळी रहाटावरून दोन कळश्या काढायच्या, एक तुळशीला आणि एक भांड्यांना. दिवाळीत कळशीला झेंडूची माळ घालून विहिरीच्या काठाला कुंकू लावायच्या.

"काकू, एवढी भरलीय, अजून एक काढा की," मी एकदा डिवचलं.

"जितक्या हातान ओढशात, तितक्याच तुमचा," त्या म्हणाल्या. "हात दुखले काय थांबाचा. बावीक पण इसावो लागता."

मग वार्षिक सभेत विहीर बुजवून चार गाड्यांची जागा करायचा ठराव आला. घरटी गाडी आणि उभी करायला जागा नाही, त्यामुळे हात भराभर वर गेले. काकू उभ्या राहिल्या. "इतको उन्हाळो जावंदेत. मगे काय ता करा." म्हाताऱ्या बाईचं मन कोण मोडणार, ठराव पुढे ढकलला.

त्या उन्हाळ्यात पाणीकपात इतकी वाढली की टँकरवाले फोन उचलेनात. काकूंनी रहाटाला नवा दोर लावला आणि मजल्यांच्या पाळ्या ठरवल्या. माझ्या बायकोच्या तळव्यांना फोड आले. पण विहीर सगळ्या सोसायटीला पुरली. पुढच्या सभेत पार्किंगचा विषय कोणी काढलाच नाही. काकूंनी त्या दिवशी घरोघर घावणे पाठवले. "बगलास मा, कामाक इली," त्या मला म्हणाल्या. त्यांना इतकं खूश मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

कामाला आली, हेच तिच्या मुळावर आलं. "काकू, बायकांनी दोर किती दिवस ओढायचा? छोटी मोटर टाकू ना, रोज एकच तास," देसाई म्हणाले. हात काकूंचेही दुखत होते. त्या हो म्हणाल्या.

मोटरचे हात दुखत नाहीत. एका तासाचे दोन झाले, मग कोणी घड्याळ बघेना. पाइप लावून गाड्या धुतल्या जाऊ लागल्या. फरशी उखडून पुढच्या बाजूला हिरवळ आली. शेजारी टॉवर उठत होता, त्यालाही शेजारधर्म म्हणून पाणी गेलं. काकू जाऊन बटण बंद करायच्या आणि त्यांची पाठ वळली की कोणीतरी चालू करायचं. "यार काकू, आपल्याच विहिरीचं पाणी आहे ना, फुकट आहे," हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

पुढच्या उन्हाळ्यात मोटर चिखल ओढू लागली. विहिरीत बोटाएवढे मासे होते. काकूंनी बादली सोडून जमतील तेवढे वर काढले आणि बादली धरून आवारात उभ्या राहिल्या. "ह्यांका खंय सोडू?" त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होत्या. मलाही विचारलं. मी जवळच्या नदीचं नाव घेणार होतो, पण तिचा झालेला नाला डोळ्यांपुढे आला. संध्याकाळपर्यंत मासे बादलीतच मेले.

कमिटीने मग विहिरीच्या तळातच बोअर मारली. महिनाभर पाणी आलं, मग तेही गेलं. शेवटी वर स्लॅब टाकायचं ठरलं. स्लॅब पडत होता तेव्हा मी काकूंच्या शेजारी उभा होतो. त्या रडत नव्हत्या, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"तेवाच बुजवूक देवक व्हयी होती," त्या म्हणाल्या. "पाणी तरी खाली जिता रवला असता. मी वाचवूक गेलंय आणि तुमका बावीचा तोंड दाखवलंय."

त्या हिवाळ्यात काकू गेल्या. त्यांच्याकडून आम्ही काही शिकलो, असं लिहायला मला फार आवडलं असतं. स्लॅबवर आता चार गाड्या असतात. गेल्या महिन्यात सोसायटीने गेटपाशी दुसरी बोअर मारली, पहिलीपेक्षा खोल. पाणी लागलं, तसे देसाई पेढे घेऊन घरोघर फिरले. परबांच्या दाराला कुलूप होतं, म्हणून तिथला पेढा परत खोक्यात गेला. आमचा आम्ही खाल्ला.