टेपवरचं धुणं

डेस ट्रॅनमर कुठे बसत नाही. सगळी नोकरी त्याने स्केल्बी ते बीकन पॉइंट बस चालवण्यात काढली, तेव्हा काय तो बसला असेल. निवृत्त झाल्यापासून तो उभाच असतो: पबमध्ये बारला टेकून, चर्चमध्ये मागच्या दाराशी, बहिणीच्या स्वयंपाकघरात फ्रिजला पाठ लावून. खलाशांच्या जुन्या मिशन हॉलमध्ये दर ऑक्टोबरात जुन्या ब्रिटिश चित्रपटांचा आणि टीव्हीवरच्या जुन्या कार्यक्रमांचा आठवडा भरतो, तेव्हा तिकिटं फाडायला दारात त्यालाच उभं करतात. दुसऱ्या कुणाला ते काम मागावंसंही वाटत नाही.

या वर्षी मात्र तो दारातही थांबेना. सोमवारी पाणबुडीचा चित्रपट होता. आत सगळं गाव डोळे पुसत, गोळ्या चघळत, नटांच्या आधी त्यांची वाक्यं म्हणत बसलं होतं, आणि डेस पायऱ्यांवरून गाडीतळापर्यंत नि गाडीतळावरून पायऱ्यांपर्यंत फेऱ्या घालत होता. त्याची धाकटी बहीण एव्हरिल बाहेर आली.

"आत ये ना. पाणबुडी बुडायला आलीय."

"बुडू दे. शेवटी वर येते ती."

"तुला झालंय काय? मुंग्या चावल्यासारखा करतोयस."

"काही नाही. हवा बरी आहे बाहेर."

"पाऊस पडतोय, डेस."

त्याला काय झालं होतं ते आठवड्याच्या छापील पत्रकात होतं. शनिवारचा शेवटचा कार्यक्रम: 'मिसेस प्लमचे भाडेकरू', भाग सहावा, प्रक्षेपण गुरुवार, ९ नोव्हेंबर १९६७. चित्र उपलब्ध नाही, फक्त आवाज, सोबत त्या काळची छायाचित्रं.

एका खाणावळवाल्या बाईची ही विनोदी मालिका त्या काळी घरोघरी पाहिली जायची. पण टेप महाग होत्या. कार्यक्रम दाखवून झाला की टेप पुसायची आणि तिच्यावर घोड्यांच्या शर्यती नाही तर निवडणुकीची भाषणं भरायची, अशी तेव्हाची रीत होती. सहावा भाग असाच पुसला गेला. उरला होता तो एका चौदा वर्षांच्या मुलाने टीव्हीच्या स्पीकरच्या जाळीसमोर मायक्रोफोन धरून घरच्या टेपरेकॉर्डरवर घेतलेला आवाज. तो मुलगा म्हणजे डेस. टेप बिस्किटांच्या डब्यात, माळ्यावर पडून होती. टेपरेकॉर्डर केव्हाच मोडीत गेला होता, आणि डेस विचारणाऱ्याला टेप खराब झाल्याचं सांगत असे. उन्हाळ्यात एव्हरिलने माळा आवरायला काढला. डबा सापडला तसा तिने तो क्लाइव्ह गार्बटला नेऊन दिला. भावाला विचारलं नाही. क्लाइव्ह हा आठवडा भरवतो. पूर्वी तो रेडिओवर ध्वनिमुद्रणाचं काम करत असे.

"बाबा त्या दिवशी घरी होते ना?" तिने नंतर डेसला विचारलं होतं. "म्हणजे त्यांचा आवाज असेल त्यावर. मला आठवतच नाही रे त्यांचा आवाज. सगळं आठवतं, बूट आठवतात, पण आवाज नाही."

ती तारीख गावात कुणाला सांगावी लागत नाही. हॉलच्या बाहेरच्या भिंतीवर पितळी पाटी आहे. 'लेडी रोझमंड' ही मासेमारीची ट्रॉलर ९ नोव्हेंबरच्या रात्री भरतीबरोबर आइसलँडच्या बाजूला निघाली आणि परत आली नाही. पाटीवर जॅक ट्रॅनमर हे नाव खालून तिसरं आहे.

बोट निघायच्या दिवशी घरात कपडे धुवायचे नाहीत. मासेमारीच्या गल्ल्यांमध्ये हे लहान पोरालाही ठाऊक होतं. धुतलं की माणूस वाहून जातो, आणि एकाच्या बायकोने धुतलं तरी जाते ती अख्खी बोट. जॅकच्या आईने, म्हणजे डेसच्या आजीने, बोट गेल्यावर सुनेला तोंडावर विचारलं होतं, तू त्या दिवशी धुतलंस का? सून म्हणाली, नाही. पुढे दर रविवारी जेवणाच्या टेबलावर म्हातारीने तेच विचारलं, आणि सूनही तेवढंच उत्तर देत राहिली. दोघी त्याच उत्तरावर मेल्या.

आणि टेपवर मिसेस प्लमच्या मागे, पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत, ट्रॅनमरांचं कपडे धुण्याचं मशीन चालू होतं.

हे डेसला माहीत होतं, कारण बोट गेल्यावर त्याने ती टेप एकदा, घरी कुणी नसताना, ऐकली होती. शनिवारी हॉलमध्ये गल्लीतल्या म्हाताऱ्या पहिल्या दोन रांगांत बसणार होत्या. हातात तारखेचं पत्रक असणार होतं. तो आवाज ओळखायला त्यांना एक मिनिटही लागलं नसतं.

बुधवारी दुपारी, हेरमालिकेचे दोन भाग संपल्यावर, क्लाइव्हने त्याला पडद्यामागच्या खोलीत बोलावलं. टेबलावर संगणक, दोन स्पीकर आणि अर्धी खाल्लेली पोर्कची पेस्ट्री होती.

"बसा."

"बरा आहे मी."

क्लाइव्हने लावलं. कार्यक्रमातले प्रेक्षक खदखदून हसले, आणि त्यांच्याखाली घर्र घर्र करत पाणी फिरू लागलं. डेसने खिडकीचा पडदा सरकवला, पुन्हा लावला.

"ते मागचं काढता येईल?"

"येईल. काढूनही ठेवलंय." क्लाइव्हने दुसरी फाइल लावली. नुसत्या मिसेस प्लम, स्वच्छ. "पण एक अडचण आहे. मशीन स्वयंपाकघरात होतं, आणि तुमचे वडील स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. मायक्रोफोनच्या दृष्टीने दोघं एकाच ढिगात. मशीन काढलं की तेही जातात."

"जाऊ देत."

"थांबा, ऐका तर. या भागात एक चार मिनिटांचा तुकडा आहे. कुणी बोलतच नाही. भाडेकरू काहीतरी करतो, लोक हसतात, धाडकन आवाज येतो, परत हसतात. चित्र नाही, त्यामुळे तो काय करतो ते आज कुणालाच माहीत नाही. आता हे ऐका."

पहिली फाइल पुन्हा. पाण्याची घरघर, आणि तिच्यावरून एक जाडसर, निवांत आवाज: "चढला बघ शिडीवर. बादली घेऊन चढला, गाढव. खाली म्हातारी येतेय, तिला दिसत नाहीये... आता गेला. आता गेलाच." धाडकन. हसणं. मग त्याच आवाजाचं हसणं, कार्यक्रमातल्या लोकांपेक्षा लांबलेलं.

"सबंध प्रसंग ते सांगतात," क्लाइव्ह म्हणाला. "तुमचे वडील नसले तर शनिवारी मला चार मिनिटं लोकांना नुसता गोंगाट ऐकवावा लागेल."

"छायाचित्रं दाखवा."

"शिडीचं नाहीये एकही. हे बघा, टेप तुमची. मी दोन्ही तयार ठेवतो. शनिवारी सुरू व्हायच्या आधी मला सांगा, कुठलं लावू."

गुरुवारी भुताच्या वाड्यावरचा विनोदी चित्रपट होता. डेसने मध्यंतरात आईस्क्रीमचे ट्रे फिरवले, दोन टेबलांचे डुगडुगणारे पाय ठोकून सरळ केले, आणि कुणी न सांगता गाडीतळावरची पानं झाडली. एव्हरिल त्याच्याकडे पाहत होती. ती शाळेत ऑफिस सांभाळायची. कोण काय लपवतंय ते तिला चालीवरून कळतं.

शुक्रवारी तिने त्याला चिप्सच्या दुकानात गाठलं. तो काउंटरशी उभा राहून कागदातून माशाची पॅटी खात होता.

"क्लाइव्ह म्हणाला, तू बाबांना काढायला सांगितलंस."

"तो बोलला? त्याला काय गरज होती?"

"मी विचारलं म्हणून बोलला. का, डेस?"

डेसने चिप्सवर व्हिनेगर ओतलं. पुरेसं झालं तरी ओतत राहिला.

"मशीन चालू होतं. त्या रात्री."

एव्हरिलला काही क्षण कळलं नाही. मग कळलं. तिने दुकानातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहून आवाज खाली आणला. "आई धूत होती?"

"हो."

"आणि आजीला दर रविवारी..."

"हो."

"काय एवढं अडलं होतं धुवायला? निघायच्या दिवशी?"

तो कागदाची घडी घालू लागला.

"डेस, काय धूत होती ती?"

"चादरी."

"कुणाच्या?"

बाबांनी त्या खेपेला डेससाठी टेपरेकॉर्डर आणला होता आणि तिच्यासाठी टॉफीचा मोठा डबा. समुद्रावरून तीन दिवसांसाठी घरी येणारी माणसं असाच खर्च करायची. तो डबा तिने एका दुपारीत संपवला होता. ते तिला आठवत होतं. त्यानंतर अंथरुणातच ओकल्याचंही आता आठवलं.

"माझ्या," ती म्हणाली.

"आठ वर्षांची होतीस तू. उगाच काही डोक्यात घेऊ नकोस."

"मी काही घेत नाहीये. तूच बावन्न वर्षं घेऊन फिरतोयस." तिने त्याच्या कागदातली एक चिप उचलली, तोंडात टाकली, तोंड वाकडं केलं. "किती आंबट केलंस हे." मग म्हणाली, "क्लाइव्हने सांगितलं ते शिडीचं सगळं बाबा कुणाला सांगत होते?"

"म्हणजे?"

"तू टीव्हीसमोर होतास, तुला दिसत होतं. मी वर झोपले होते. मग 'चढला बघ' कुणाला?"

डेसने व्हिनेगरची बाटली जागेवर ठेवली.

"आईला," एव्हरिल म्हणाली. "ती आत मशीनपाशी होती, तिला दिसत नव्हतं, म्हणून दारात उभं राहून सांगत होते. त्यांना माहीत होतं, डेस. समोरच चाललं होतं त्यांच्या."

"तुला, मला पटेल. पाटीवरची बाकीची नावं आहेत, त्यांच्या बायकांना काय सांगू?"

त्या बायकांपैकी आता एकच उरली आहे. आयव्ही ड्रूरी. तिचा नवरा वॉल्टर 'लेडी रोझमंड'वर स्वयंपाकी होता आणि ड्रूरींचं घर ट्रॅनमरांच्या भिंतीला भिंत लावून. आता ती नगरपालिकेने म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या घरांपैकी एकात राहते, कान शाबूत आहेत आणि जीभही. शनिवारी सकाळी डेस तिच्याकडे गेला.

"आयव्ही मावशी, आज संध्याकाळी येऊ नका."

"का रे? तिकीट काढलंय मी. केसही सेट करून घेतलेत."

मग त्याने सांगितलं. खिडकीबाहेर बघत, एका दमात, मशीन, तारीख, चादरी.

"झालं?" आयव्हीने विचारलं.

"झालं."

"मग बस आता. वर बघून बघून मान दुखायला लागली माझी."

तो बसला नाही. खिडकीच्या चौकटीवरचा रंग नखाने उकरत राहिला.

"तुमच्या आणि आमच्या मध्ये भिंत केवढी होती? एका विटेची. तुझा बाप शिंकला तर वॉल्टर इकडून 'जपून रे' म्हणायचा. आणि तुमचं मशीन मला ऐकू आलं नसेल?"

डेस वळला. "तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कशी बोलणार? तुझ्या आईला माझंही ऐकू येत होतं."

खोलीत हीटर टकटकत होता.

"तो मिसेस प्लमचा कार्यक्रम गुरुवारी लागायचा," आयव्ही म्हणाली. "लोक त्यात मोठमोठ्याने हसायचे. टीव्हीचा आवाज चढवायचा आणि मशीन लावायचं. अर्धी गल्ली तेच करायची, मग दुसऱ्या दिवशी बोट असो नाही तर त्याच रात्री असो. वॉल्टरच्या सगळ्या आतल्या चड्ड्या भिजत पडल्या होत्या. त्याला काय तसाच पाठवायचा आइसलँडला?"

"आणि आजी?"

"तुझ्या आजीकडे मशीन नव्हतं. ती टबात धुवायची. टबाचा आवाज होत नाही." तिने पायांवरची शाल सारखी केली. "बोट बर्फाने उलटली, पोरा. वर बर्फ साचला आणि उलटली. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी त्यानंतर गुरुवारी कधी धुतलं नाही. आजही धूत नाही. जा आता, मला वेणीफणी करायचीय."

"केस सेट केलेत ना?"

"जा म्हटलं ना."

संध्याकाळी हॉल भरला. डेसने तिकिटं फाडली, दारं लावली आणि पडद्यामागे जाऊन क्लाइव्हला म्हणाला, "सगळं ठेवा."

"घरचंही?"

"सगळं म्हणजे सगळं."

दिवे गेले. पडद्यावर खाणावळीच्या दाराचं एक कृष्णधवल छायाचित्र, आणि सुरुवातीच्या सुरावटीबरोबरच घरघर सुरू झाली. पहिल्या दोन रांगांत डोकी हलली. एक बाई दुसरीकडे झुकली. कुणीतरी मोबाइलच्या उजेडात पत्रकावरची तारीख पाहिली. डेस मागच्या दाराच्या कडीवर हात ठेवून उभा होता. एकदा त्याने ती खाली दाबलीही.

मग तो चार मिनिटांचा तुकडा आला. "चढला बघ शिडीवर," जॅक ट्रॅनमर म्हणाला, आणि हॉलमधल्या दोनशे माणसांना शिडी दिसली. "आता गेला. आता गेलाच." धाडकन झालं तेव्हा सगळा हॉल हसला, कार्यक्रमातल्या लोकांबरोबर आणि जॅकबरोबर. एव्हरिल हसली नाही. ती मान पुढे काढून ऐकत होती, कमी ऐकू येणारी माणसं ऐकतात तशी.

शेवटची नावं संपली, सुरावट थांबली. टेपवर कुणीतरी टीव्ही बंद केला. पण चौदा वर्षांच्या डेसने रेकॉर्डर बंद करायला जरा उशीर केला होता, आणि तेवढा वेळ हॉलमध्ये दुसरं काहीच नव्हतं: फक्त मशीन, उघडं, पाणी घुसळत. मग एका बाईचा दबका आवाज, "डेस, लाव ना रे परत तो टीव्ही," आणि खट्ट.

कुणी टाळी वाजवली नाही. दिवे लागायचे होते.

"पिळायचं राहिलं की तिचं," पहिल्या रांगेतून आयव्ही ड्रूरी म्हणाली, मागच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात. "माझं तर अजून भिजतच होतं."

आधी एक म्हातारी हसली. मग तिच्या शेजारची. ज्यांना कळलं नाही त्यांनी शेजाऱ्यांना विचारायला सुरुवात केली, आणि दिवे लागले तेव्हा पहिल्या दोन रांगांत सगळ्या एकदम बोलत होत्या, कोण कुठल्या कार्यक्रमाला मशीन लावायची ते एकमेकींना सांगत.

लोक कोट चढवून बाहेर निघाले. दार उघडून धरायला दारात कुणी नव्हतं, त्यांनीच उघडलं. डेस शेवटच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसला होता. एव्हरिल येऊन शेजारी बसली.

"परत लावायला सांगू क्लाइव्हला?"

"सांग," डेस म्हणाला. "शिडीपासून."