किल्लीवाल्याचा उजवा हात

चित्रकाकूला चित्रं काढायला कुणी शिकवलं नाही. वाण्याच्या पुड्या सोडल्या की त्यांच्या छापील कागदांवरची चित्रं ती गिरवत बसायची, आणि आई ओरडायची, की आधी डाळ डब्यात भर. पुढे पत्रिका छापणाऱ्या छापखान्यातून उरलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या उचलून आणायच्या, टाक शाईत बुडवायचा, चुकलं तर ब्लेडने खरवडायचं. एवढीच तिची शाळा. नियमही एकच होता: जे डोळ्यांसमोर आहे तेच काढायचं. मनातलं काढायला गेलं की मन लबाडी करतं, म्हणायची.

पुढे मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायचं काम मिळालं, आणि या नियमानेच पहिल्या पुस्तकात घात केला. हात काढायचा तर समोर स्वतःचाच हात, आणि उजव्यात टाक. मग उरला डावा. राजा डाव्या हाताने तलवार उपसतोय, आजी डाव्या हाताने घास भरवतेय, मास्तर डाव्या हाताने फळ्यावर लिहितायत. संपादकबाई चष्मा पुसत म्हणाल्या, की तुमचं सगळं गावच डावखुरं दिसतंय. काकू घरी येऊन रडली. नवरा किल्ल्या बनवायचा. कोपऱ्यावरच्या टपरीत दिवसभर कानस घासून तो नुकताच आला होता. त्याने हात धुतले आणि उजवा तिच्या टेबलावर ठेवला.

"माझा घे," म्हणाला. "संध्याकाळनंतर त्याला तरी काय काम आहे?"

झालं. त्या हाताची करंगळी कधीकाळी शटरखाली सापडून वाकडीच जुळली होती. त्यामुळे राजाची करंगळी वाकडी, चोराची वाकडी, परीचीसुद्धा वाकडी. एकदा तर अस्वलालाही तीच मिळाली. नवऱ्याला याचं कोण कौतुक! गिऱ्हाइकांना सांगायचा, की पुस्तकात राजा मीच आणि चोरही मीच, तेव्हा किल्ल्या जपून ठेवा. त्याचं मनगट टेकून टेकून टेबलाची उजवी कड गुळगुळीत झाली.

मग एका सकाळी त्याची उजवी बाजू गेली. टपरी बंद झाली. संध्याकाळी तो डाव्या हाताने उजवा उचलायचा आणि एखादी वस्तू ठेवावी तसा टेबलावर ठेवायचा.

"घे," अडखळत म्हणायचा. "आता तर हलायचाही नाही."

ती "उद्या" म्हणायची आणि काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जायची. खरं सांगायचं तर तिला तो हात बघवत नव्हता. काढला तर कागदावर कायमचा तसाच राहील, अशी धास्ती वाटायची. उद्या उद्या करता करता माणूस गेला.

त्यानंतर काकूच्या चित्रांतली माणसं उजवा हात लपवायला लागली. कुणाचा खिशात, कुणाचा शालीत, कुणाच्या हातापुढे टोपलीच आडवी. काही दिवस खपलं. पण पुढचं पुस्तक आलं ते आजोबा-नातीचं, आणि शेवटच्या पानावर आजोबा नातीच्या डोक्यावर हात ठेवतात. तिथे कुठली टोपली आणणार? संपादकबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की या पानावर हात दिसलाच पाहिजे. जमत नसेल तर हे पुस्तक दुसऱ्याकडे जाईल, आणि यापुढचीही.

काकूने डावा हात आरशात धरला. आरशात तो उजवा दिसतो खरा, पण कागदावर आला बाईचाच हात, आजोबांच्या मनगटाला उसना जोडल्यासारखा. लेकीने जावयाला आणून बसवलं. बिचारा हूं की चूं न करता बसला. पण त्याचा हात लोण्यासारखा, जन्मात कानस न धरलेला. शेवटी तिने पहिल्यांदाच नियम मोडला. डोळे मिटले, आणि समोर नसलेला हात काढायला घेतला.

तिला वाटलं होतं, राजाचा हात येईल. आला तो शेवटच्या महिन्यांतला. बोटं अर्धी मिटलेली, मनगट सैल, करंगळी तशीच वाकडी. जो बघायला नको म्हणून ती उठून जायची, त्याची रेघ न् रेघ तिच्या मनात बसली होती. आणि म्हणे मन लबाडी करतं! टाक खाली ठेवून ती पोटभर रडली. दुसऱ्या दिवशी चित्र घेऊन गेली.

संपादकबाईंनी चष्मा पुसून चित्र जवळ धरलं. करंगळी ओळखली, म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण काकू, हा हात डोक्यावर ठेवलेला नाही वाटत. नुसता पडलाय. यात जीव नाही. परत काढाल?"

"नाही," काकू म्हणाली. "हा असाच होता. दुसरा आता यायचा नाही."

पुस्तक गेलं. बाईंचा तरी काय दोष? लेकरांच्या पुस्तकात असला हात चालत नाही, हे काकूलाही कळत होतं. घरी येऊन तिने शाईच्या दौतीला बूच लावलं, टाक पुसून फळीवर ठेवला आणि चित्र टेबलाच्या त्या गुळगुळीत कडेवर नीट मांडलं.

"घ्या," ती म्हणाली. "काढला एकदाचा."