बारा पेन्सिलींची मोजणी

मोजणी खात्यात माझी एकवीस वर्षं गेली. जी वस्तू साखळीने किंवा पट्टीने मोजता येत नाही तिच्याविषयी मत द्यायचं नाही, ही माझी सवय. कचेरीत भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी फाईल उघडून बसत असे. या सदरातले अनुभवही मी आजवर करमणूक म्हणूनच वाचले. माझी अडचण अशी आहे, की माझ्या बाबतीत जे घडलं ते मोजता आलं. आकडे माझ्याच हातचे आहेत, आणि ते मला खोडता येत नाहीत.

ठिकाण ठाणे, नौपाडा. स्टेशनपासून पायी नऊ मिनिटं. एकमजली चाळ, वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या, मागे विहीर आणि फणसाचं झाड. तिथे मी आणि माझी पत्नी कुमुद अकरा वर्षं राहिलो. मूल नव्हतं.

कुमुद चित्रं काढायची. शिकलेली कुठे नव्हती. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर, रंगीत पेन्सिलींनी. दुपारची कामं आटोपली की खिडकीत बसायची. चित्रं कसली... चष्मा लावून पंचांग वाचणारी मांजर. डोक्यावर चरव्या घेऊन स्वतःच दूध घालायला निघालेल्या म्हशी. चाकं लावलेली आमची चाळ, आणि तिला ओढणारे दोन बेडूक. झाडांचे बुंधे जांभळे, कुत्री हिरवी. पण चित्रात कुठेतरी एक जास्तीचं ताट मांडलेलं असे, नाहीतर दाराशी एखादी चिमुकल्या चपलांची जोडी. मी एकदाच विचारलं, "या कुणाच्या?"

"यायचंय अजून कुणीतरी," ती म्हणाली. "जागा नको का ठेवायला?"

प्रत्येक चित्रात मीही असे. तपकिरी कोट, तपकिरी टोपी, हातात साखळी. तपकिरी रंग ती फक्त माझ्यासाठी वापरी, दुसरीकडे कुठेच नाही. आणि मला ती नेहमी सगळ्यात शेवटी काढी. बाकीचं चित्र पुरं झालं, की मग कोपऱ्यात मी.

"मी शेवटी का?"

"सगळं आपापल्या जागी बसल्यावरच साहेब मोजायला येतात ना? आधी येऊन काय मोजणार, बेडूक?"

आता पेन्सिलींचं सांगतो. आमच्या कचेरीत नकाशे रंगवायला रंगीत पेन्सिली मिळत. जुना तुकडा जमा केल्याशिवाय नवी पेन्सिल मिळत नसे, आणि तो तुकडा दीड इंचाहून लहान असावा लागे. तो मोजून रजिस्टरात लिहायचा. हे काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. कुमुदने एकदा ते तुकडे मागितले.

"पिवळ्याचे तरी आणा हो. टाकूनच देत असतील."

"टाकत नाहीत. जमा करतात."

"सरकार काय करतं त्यांचं? लोणचं?"

मी आणले नाहीत. सरकारी वस्तू ती सरकारी वस्तू. त्याऐवजी तिला बारा रंगांची एक पेटी घेऊन दिली. ती पेटी ती इतकी जपून वापरी, की मला तेव्हाच ते तुकडे आणायला हवे होते असं आता वाटतं.

१९५३ च्या श्रावणात विषमज्वराने ती गेली. चौदाव्या दिवशी पाहुणे परतले आणि मी घरात एकटा उरलो. काय करावं ते सुचेना. कचेरीत चार्ज देताना यादी करतात तशी मी तिच्या वस्तूंची यादी केली. लुगडी, बांगड्या, पोथी, चित्रं त्रेचाळीस. आणि पेन्सिली. पेन्सिल नुसती लिहायची आणि लांबी लिहायची नाही, हे माझ्या हाताला जमेना. बाराही मोजल्या, इंचाच्या दहाव्या भागापर्यंत. पिवळी ५.१. हिरवी ४.८. तपकिरी ६.३. ती सर्वांत लांब, कारण माझ्या कोटाला लागून लागून लागणार किती?

दिवाळीनंतर माझी थोरली बहीण, अक्का, कल्याणहून आली. पारनाक्याजवळ तिचं घर आहे. मी खोल्या सोडून तिच्याकडे राहायला यावं म्हणून ती हट्टच धरून बसली.

"दत्तू, इथे भिंतींशी बोलत बसणार आहेस का तू?"

"मी बोलत नाही कुणाशी."

"तेच म्हणते मी."

निघताना तिने नातीसाठी पेन्सिलींची पेटी मागितली. द्यायला माझी ना नव्हती. फक्त देण्याआधी यादीशी ताडून पाहावी म्हणून मोजली. पिवळी ४.३ भरली. हिरवी ४.४. आकाशी, जांभळी, तांबडी, सगळ्याच थोड्याथोड्या कमी.

पेटी फडताळात कुलपात होती. किल्ली एकच, माझ्या जानव्याला. शिवाय पेन्सिल आपोआप झिजत नाही, ती तासावी लागते. तासल्याचा भुसा कुठेच नव्हता, ना फडताळात, ना केरात. टोकं मात्र कुमुद पात्याने करी तशी, लांब आणि जराशी वाकडी.

अक्काला मी एवढंच म्हटलं, "पेटी राहू दे."

दुसऱ्या दिवशी कचेरीत स्टोअरकीपरला सहज विचारल्यासारखं विचारलं, न वापरता पेन्सिल कमी होते का?

"न वापरता कमी होतात त्या माझ्या स्टोअरमध्येच, दत्तोपंत," तो म्हणाला. "घरी होत असतील तर तुमची बदली इकडे करून घेऊ."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी आंघोळ झाली की मी मोजू लागलो. दर आठवड्याला पिवळी, हिरवी, आकाशी कमी होत होत्या. मी पेटीशेजारी कोऱ्या लग्नपत्रिका ठेवून पाहिल्या. त्या कोऱ्याच राहिल्या. फडताळाच्या दाराला कागदाची पट्टी चिकटवून वर सही केली. पट्टी जशीच्या तशी, आणि पिवळी एक दशांश कमी. मोजणीच्या कामावर आंबिवलीला आठ दिवस मुक्काम होता तेव्हा पेटी ट्रंकेत घालून बरोबर नेली. तिथे कशातच फरक पडला नाही. परत आणून फडताळात ठेवली, की पुढच्या रविवारी पुन्हा कमी.

म्हणजे जे काही होत होतं ते त्या दोन खोल्यांतच होत होतं.

नकाशे रंगवून रंगवून मला अंदाज आहे... एक दशांश इंच पेन्सिलीत साधारण दोन पोस्टकार्डांएवढी जागा भरते. मी बेरीज केली. ते चित्र बरंच मोठं होत चाललं होतं, तिने आजवर काढलं नव्हतं एवढं. ते कशावर काढलं जात होतं मला माहीत नाही. मी भिंती पाहिल्या, कपाटामागे पाहिलं, गाद्या उसवल्या. कुठे एक रेघ सापडली नाही.

आणि तपकिरी मात्र ६.३ ती ६.३ च होती.

खरं सांगायचं तर मला भीती कधी वाटली नाही. दर रविवारी मी तपकिरी शेवटी मोजायचो, आणि तिचा आकडा लिहून झाला की बराच वेळ तसाच बसून राहायचो. मार्गशीर्ष गेला, पौष गेला. एवढं मोठं चित्र चाललेलं होतं, आणि मी त्यात नव्हतो. मी स्वतःला सांगे, की तुला ती शेवटीच काढते. पण कधी वाटे, की आता नसेलही काढायचं तिला. तुकडे न देणाऱ्या माणसाला का काढावं?

माघात अक्का पुन्हा आली. माझी वही तिने उघडी पाहिली. मग मी तिला सगळंच सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं.

"तपकिरी कमी झाली तर येशील माझ्याकडे?" तिने विचारलं.

"हो."

"आणि नाही झाली तर?"

"तर मोजत राहीन."

"बरं," अक्का म्हणाली. "मी खोलीला चुना लावून ठेवते."

त्यानंतरचे तीन रविवार तपकिरी ६.३. चौथ्या रविवारी पिवळी अडीच इंचांवर होती आणि आदल्या आठवड्याहून कमी झाली नव्हती. हिरवीही नाही. आकाशीही नाही. अकराच्या अकरा पेन्सिली होत्या तशा. मी खाली जाऊन विहिरीचं पाणी तोंडावर मारून आलो. मग तपकिरी मोजली.

६.२.

पुन्हा मोजली. पट्टी उलटी धरून मोजली. कचेरीतली दुसरी पट्टी आणून सोमवारी मोजली. ६.२.

पुढे महिनाभर मी त्या खोल्यांत होतो. पेटीत काहीच बदललं नाही. मग अक्काला कळवलं आणि चैत्रात कल्याणला आलो. आज त्याला चार वर्षं झाली. पेटी माझ्याजवळच आहे, अजून कधीमधी मोजतो, सगळे आकडे तेच आहेत.

याचा उलगडा मला झालेला नाही. कुणी करून दिला तर आभारी होईन, मात्र वही पाहून मग बोलावं. माझ्या पट्टीची चूक फार तर इंचाचा विसावा भाग धरा. हा फरक त्याच्या दुप्पट आहे. चित्र मी पाहिलेलं नाही, पुढेही दिसेल असं वाटत नाही. मी त्यात आहे, एवढं मात्र मी मोजलेलं आहे.