दोघांचा वर्ग

पेणजवळच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या एम.ई.ला त्या वर्षी दोनच विद्यार्थी आले. रोह्याची सादिया आणि हमरापूरचा हरेश. एके काळी या शाखेला प्रवेश मिळवायला ओळखी काढाव्या लागत. आता मुलं कॉम्प्युटरच्या मागे लागली होती आणि मेकॅनिकलचे वर्ग ओस पडत चालले होते.

सादियाचे वडील महमूद मस्कतला क्रेनदुरुस्तीच्या कामावर. सुट्टीवर आले की खारी हवा लोखंडाला कशी खाते ते लेकीला रंगवून सांगायचे. ते तिच्या डोक्यात बसलं ते बसलंच. खाडीकाठच्या पंपांची बेअरिंगं इतक्या लवकर का झिजतात, हाच तिनं प्रबंधाचा विषय घेतला. तिच्या आईला, अमीनाला, त्यातलं ओ की ठो कळत नसे. शेजारणींनी लग्नाचं काढलं की पोरगी अजून शिकतेय म्हणायची आणि दुसऱ्या कामाला लागायची.

थळे सर त्या दोघांना शिकवायचे, पण शिकवायचे ते साठ जणांच्या वर्गाला शिकवावं तसं, पूर्ण फळा भरून, खड्या आवाजात. हरेशला गणित चटकन सुटे, सादियाचा हात मशीनवर बसलेला. झीज मोजायच्या प्रयोगाला दोन माणसं लागत. ती मशीन चालवी, तो आकडे टिपून घेई. वर्षभर असं बरं चाललं.

दुसरं वर्ष लागलं आणि हरेशनं तिला कॅन्टीनला थांबवलं. रोह्याच्या एका कंपनीत मेंटेनन्सला त्याची निवड झाली होती. त्याची आई गणपतींच्या डोळ्यांची आखणी करायची; आता तिच्याच डोळ्यांनी दगा दिला होता, कारखान्यात बसणं संपलं होतं. पण तो गेला तर वर्गात एकटी सादिया उरणार आणि अभ्यासक्रम चालू ठेवायला संस्थेला कारणच उरणार नाही, हे त्यालाही दिसत होतं.

"तू नको म्हण, म्हणजे मी नाय जात," तो म्हणाला.

 नको, हा शब्द अगदी सादियाच्या जिभेवर होता. पण त्याच्या म्हाताऱ्या आईला तिनं पाहिलं होतं, तिच्या हातचं जेवली होती.

"जा तू," ती म्हणाली.

तो गेला. जायचा निर्णय त्यानं तिच्या तोंडून वदवून घेतला, याचा राग मात्र तिच्या मनातून बरेच दिवस गेला नाही. ती सकाळी रोह्याहून पेणला निघे, तो पेणहून रोह्याला. नागोठण्याच्या स्टँडवर कधी दोन्ही एसट्या शेजारी लागत. खिडकीतून तो हात करी, ती मान हलवी.

संस्थेनं नवे प्रवेश बंद केले. थळे सरांना पहिल्या वर्षाच्या ड्रॉइंगवर टाकलं. दिवाळीची सुट्टी संपवून सादिया प्रयोगशाळेत आली, तर तिथं कॉम्प्युटरची टेबलं मांडलेली. झीज मोजायचं मशीन व्हरांड्यात, ताडपत्रीखाली. हलवताना त्याची तबकडी वाकली होती.

"मला विचारलं नाही गं कुणी," थळे सर म्हणाले. त्यांना तिच्याकडे बघवत नव्हतं.

दुरुस्तीचे अर्ज केले, उत्तर आलं नाही. निम्मे प्रयोग राहिले ते राहिलेच. बाकीचं कॉम्प्युटरवर गणित मांडून भागव, असं सरांनी सुचवलं, आणि तिनं भागवलं. मस्कतहून फोनवर महमूदनी विचारलं, खऱ्या लोखंडावर बघितलंस ना सगळं? ती हो म्हणाली. अब्बांशी ती खोटं बोलली, ते पहिल्यांदा.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध चाळला, छान काम म्हणाले आणि जेवायला उठले. अर्धा प्रबंध मशीनवर का तपासला नाही, असं कुणी विचारलं तर काय सांगायचं याची तिनं तयारी केली होती. सगळं खरं सांगणार होती. कुणी विचारलंच नाही. पेढे न घेताच ती घरी आली.

तिच्या नोकरीसाठी हरेशनं आपल्या कंपनीत शब्द टाकला. शिफ्टला बाई नको, असं वरून आलं. आता ती त्याच कॉलेजात तासिकेवर, कॉम्प्युटरच्या मुलांना ड्रॉइंग शिकवते. मुलांना त्यात रस नाही.

ईदला महमूद घरी आले. जेवणं झाल्यावर चष्मा लावून त्यांनी प्रबंध मागितला. सादियानं तो दिला आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की यातलं अर्धं कागदावरचंच आहे, अब्बा, मशीन नव्हतं.

महमूद रागावले नाहीत.

"मग उरलेलं कुठं करशील?" त्यांनी विचारलं.

मशीन अजून व्हरांड्यात ताडपत्रीखालीच होतं. आतून अमीनानं भांडी घासायला हाक मारली, तशी सादिया आत गेली.