पट्टकदंबांच्या मागे गाळात

डिसेंबरातल्या एका रविवारी पहाटेच्या बसने मी एकटीच धुळ्याहून धरणगावला निघाले. तिथल्या एका तलावावर पट्टकदंब (डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले, हिमालय ओलांडून येणारे हंस) उतरल्याचं आमच्या पक्षीमित्रांच्या ग्रुपवर वाचलं होतं.

रिक्षावाल्याने बांधावर सोडलं. पाणी बरंच मागे हटलं होतं. मोकळ्या जमिनीत हरभरा होता आणि त्यापलीकडे भेगाळलेला गाळ. हरभऱ्यात एक म्हातारे नाना खुरपत होते. त्यांनी हंसांची जागा दाखवली आणि पाण्याजवळ जाऊ नका, असं बजावलं. मी मान डोलावली.

दुर्बिणीतून थवा दिसला. बरेच जण पंखात चोच खुपसून झोपलेले. फोटोसाठी ते फार लांब होते. गाळ कोरडा वाटला, म्हणून चार पावलं पुढे गेले. मग आणखी चार.

एकदम वरचा पापुद्रा फुटला आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. तो काढायला डाव्यावर जोर दिला, तर तो मांडीपर्यंत रुतला. आतला गाळ बर्फासारखा गार होता. धडपडले की आणखी खाली जात होते. गाळ कमरेला लागला तेव्हा किंचाळले. सगळा थवा कलकलाट करत उठला.

थोड्या वेळाने नाना तुषार सिंचनाचा लांब पाइप ओढत आले. घट्ट जमिनीवर बसून त्यांनी तो माझ्याकडे सरकवला.

"पोटवर आडी पड, ताई. घाबरू नको, मी आठे शे," (पोटावर आडवी हो, मी इथे आहे) ते म्हणाले.

त्या गाळावर तोंड टेकवणं मला जमेना. त्यांनी पुन्हा तेच, तितक्याच शांतपणे सांगितलं. मी डोळे मिटून आडवी झाले, पाइप धरला. बूट आतच राहिले. इंचाइंचाने बाहेर आले तेव्हा नानांनी पाइप बाजूला टाकला.

"माले बी भ्याव लागनं," (मलाही भीती वाटली) ते म्हणाले. गेल्या वर्षी त्यांची म्हैस इथेच गेली होती.

माझी किंकाळी ऐकून आलात ना, असं मी विचारलं. त्यांनी कानाला हात लावून मान हलवली. त्यांना ऐकू फार कमी येत होतं. पाखरं उठली, म्हणून त्यांनी वर पाहिलं होतं.

परतीच्या बसमध्ये अनवाणी पाय पोटाशी घेऊन बसले. ते हंस मला घाबरून उडाले, म्हणून मी वाचले. फोटो एकही नव्हता. धुळं येईपर्यंत पाय खाली टेकवायची हिंमत झाली नाही.